पहिला वस्तरा: चोर बाजारातला जुना की कारागिराने घडवलेला नवा?

हाताने घडवलेला वस्तरा परदेशातल्या एखाद्या कारागिराकडून मागवायचा ठरवलात, की पैशांचं बोलणं निघण्याआधी तो चार गोष्टी विचारतो. पातं किती रुंद हवं? पोटाला किती पोकळ घासू? टोक गोल की चौकोनी? मूठ कशाची? ज्याच्याकडे याची उत्तरं आहेत त्याने खुशाल ऑर्डर द्यावी. माझ्याकडे नव्हती, म्हणून मी मुंबईच्या चोर बाजारातला मटन स्ट्रीट गाठला.

सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा मी या तुलनेत धरत नाही. गिऱ्हाईकागणिक ब्लेड बदलतं, सलूनसाठी ते रास्तच आहे. पण त्याला धार लावावी लागत नाही, पात्याला वजन नाही आणि जरा कोन चुकला की तो खऱ्या वस्तऱ्यापेक्षा पटकन चावतो. लहानपणी आमच्या चाळीत धोकटी घेऊन येणारे न्हावी वस्तरा तळहातावर सपासप पालथा-उताणा घासायचे. इथे बोलतोय तो त्या जातीच्या वस्तऱ्याबद्दल.

आधी जुना. चोर बाजारात मिळणारा माल बहुतेक इंग्लंडातल्या शेफील्डचा नाहीतर जर्मनीतल्या सोलिंगेनचा. शेफील्डचे जुने वस्तरे बरेचदा पाचरीसारखे जाड आणि वजनदार असतात. तिथल्या वेड अँड बुचर कंपनीचे रुंद वस्तरे हातात घेतले की छोटा कोयताच धरल्यासारखं वाटतं. सोलिंगेनचं पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, धारेकडे इतकं पातळ की नखावर दाबलं तर किंचित लवतं, आणि दाढी करताना बारीक आवाज करतं. पहिल्या खेपेला सोलिंगेनचा घ्या. पाचरीच्या पात्याचं जास्त पोलाद दगडाला लागतं, त्यामुळे त्याला धार काढताना नवख्याचा घाम निघतो.

दुकानदार मूठ पुसून पुढे करतो, तुम्ही मात्र पातं बघा. वस्तरा उघडून धार डोळ्यासमोर आडवी धरा. ती सरळ हवी, किंवा मधे किंचित पुढे आलेली चालेल. मधे आत गेलेली असेल तर ठेवून द्या. माझी पहिली खरेदी अशीच होती. घरी दगडावर टाकल्यावर फक्त टाच आणि टोक घासलं जायचं, मधल्या भागाला दगड लागतच नव्हता. पुढे तो वस्तरा पाकिटं फोडायच्या कामी आला. मग पाठ बघा. धार लावताना पात्याची पाठही दगडावर टेकते आणि तिच्यामुळेच कोन ठरतो. पाठीवर रुंद सपाट पट्टा दिसला तर कुणीतरी पातं मनसोक्त झिजवलंय. वरवरचा लाल गंज तेलाने आणि बारीक पॉलिशने जातो. धारेलगतचे काळे खड्डे जात नाहीत. शेवटी पात्याला नखाने हलकीच टिचकी मारा. निरोगी पातं टणकन वाजतं, चीर गेलेलं बद्द आवाज करतं.

मुठीचीही एक भानगड आहे. जुनी सेल्युलॉइडची मूठ कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते. ती स्वतःचं पातं खातेच, शिवाय त्याच डब्यातल्या शेजाऱ्यांनाही गंज देते. मुठीजवळच पातं जास्त खराब दिसलं तर कारण बहुधा हेच. हस्तिदंती मूठ दाखवली तर सरळ पुढे चला. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे.

वय ओळखायला मुठीकडच्या भागावरचा शिक्का वाचा. व्हिक्टोरिया राणीचं 'व्ही. आर.' असेल तर तो साधारण १८३७ ते १९०१ मधला. 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असं देशाचं नाव असेल तर बहुतेक १८९१ नंतरचा, कारण त्या सुमाराला अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं होतं. काही शेफील्ड पात्यांवर 'सिल्व्हर स्टील' लिहिलेलं असतं आणि विक्रेता त्याला चांदीचा वस्तरा म्हणतो. १८२० च्या आसपास लंडनमध्ये मायकेल फॅरेडे आणि हत्यारं बनवणारा जेम्स स्टोडार्ट पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहत होते, त्यात पाचशेवा हिस्सा चांदीही होती. ते नाव तिथून आलं, आणि नुसत्या नावासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. मला त्यातली मुंबई जास्त आवडते. १७९४ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे भारतीय वुट्झ पोलादाचे तुकडे पाठवले होते. स्टोडार्टने त्या पोलादाचा चाकू करून पाहिला आणि पुढे फॅरेडेबरोबरच्या प्रयोगांतही वुट्झ होतंच.

आता नवा, कारागिराचा. त्याचं पातं सरळ असतं, पाणी नीट दिलेलं असतं आणि आधीच्या मालकाच्या चुका त्यात नसतात. चांगला कारागीर दाढीजोगी धार लावूनच पाठवतो. पण किंमत तीन-चारशे डॉलरपासून पुढे, वर कस्टम ड्युटी आणि कित्येक महिन्यांची वाट. शिवाय बऱ्याच कारागिरांना रुंद, भारी पाती घडवायला आवडतात. ती फोटोत देखणी दिसतात, पण नाकाखाली वळवताना नवख्याची तारांबळ होते. स्वस्तात ऑनलाइन मिळणारे 'दमास्कस', म्हणजे नागमोडी नक्षीच्या पात्याचे वस्तरे तर या यादीतच नकोत. त्या वस्तऱ्याच्या आकाराच्या वस्तू आहेत.

मधला एक रस्ता आहे. सोलिंगेनचा डोवो किंवा फ्रान्सचा थिएर्स-इसार कारखान्यातला असला तरी तिथेही चाकावर पातं धरायला माणसाचा हात लागतोच. चोर बाजारात घासाघीस करायचा उत्साह नसेल त्याने हा घ्यावा.

धारेचा खर्च जुन्या-नव्या दोघांनाही आहे. हार्डवेअरच्या दुकानातला सुतारी दगड वस्तऱ्याला लावू नका. जुन्या पात्याला सुरुवातीला १००० चा दगड, मग ५००० आणि ८०००, जमल्यास १२००० (आकडा मोठा तितका दगड बारीक). नव्याला पुढे कधीतरी शेवटचे दोनच लागतील. दर दाढीआधी धार परतायला पट्टा मात्र हवाच, आधी कापडाचा, मग चामड्याचा. पट्टा धारावीत कापून घेता येतो. वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढायचा आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटायचा. धारेवर उलटलात तर पट्टा कापलात म्हणून समजा.

आणि पावसाळा. हे पोलाद स्टेनलेस नव्हे, बहुतेक कार्बनचं असतं. जुलैत आमच्या बाथरूममध्ये टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे वस्तरा ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. दाढी झाली की पुसा, पट्ट्यावर चार हात मारा, तासभर उघडा ठेवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. चामड्याच्या म्यानात नको, ते ओल धरून ठेवतं. माझ्या पट्ट्यालाच एका ऑगस्टमध्ये हिरवी बुरशी आली होती. या बाबतीत जुना वस्तरा सोयीचा. त्याच्यावर आधीच दहा डाग असतात, अकरावा पडला तर जीव हळहळत नाही. आरशासारख्या नव्या पात्यावर पडलेला पहिला करडा ठिपका मात्र झोप उडवतो.

म्हणून माझं मत जुन्याच्या बाजूने: सोलिंगेनचा, ५/८ किंवा ६/८ इंच रुंद, गोल टोकाचा. संग्रहाची हौस असेल तर शेफील्डची पाचर नंतर शोधा, ती कपाटात शोभते. घेतलेला वस्तरा स्पिरिटने पुसून घ्या, आणि तो एकाच माणसाचा ठेवा. पहिले पंधरा दिवस फक्त गालांवर, केसाच्या सुलट दिशेने. हनुवटीची घाई नको. तुरटी हाताशी असू द्या.

माझा सोलिंगेन दोन पावसाळे टिकलाय आणि त्या चार प्रश्नांची उत्तरं आता वहीत लिहिलेली आहेत. ६/८, अर्धं पोकळ, गोल टोक, आणि मूठ शिंगाची नको, कारण दमट हवेत शिंग वाकतं. कारागिराला मेल मात्र पाठवलेली नाही. गणपती होऊ देत.