आर७३० ची रॅम ६४ ची १२८ केली, त्याला आठ महिने झाले

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात सर्व्हर म्हणून डेलचा पॉवरएज आर७३० आहे, सेकंडहँड घेतलेला. दोन झिऑन ई५-२६२० व्ही४ प्रोसेसर, म्हणजे २०१६ चा माल. वर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी प्रणाली), आणि त्यात टॅली, ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या कामांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि डिझाइनवाल्यांच्या ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर. मी खरा क्वालिटीतला माणूस, पण "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" एवढ्या एका वाक्यावर सहा वर्षं आयटीही माझ्या गळ्यात आहे.

ईआरपीची नवी आवृत्ती आली आणि ६४ जीबी रॅम पुरेना. स्वॅप (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) भरायचा आणि संध्याकाळी डिस्पॅचच्या वेळी सगळं रखडायचं. स्टॉक रिपोर्ट लावून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतच असायचं.

पहिल्या फेरीत मी सपशेल फसलो, आणि चूक माझीच होती. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो आणि म्हणालो, "सर्व्हरची डीडीआर४ द्या, ईसीसीवाली." डीडीआर४ ही रॅमची पिढी, आणि ईसीसी म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी रॅम. दुकानदाराने ३२ जीबीच्या दोन स्टिक काढल्या. "ईसीसी आहे, डीडीआर४ आहे, चालणार साहेब, बिनधास्त न्या." मी नेल्या. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, म्हणून त्या दिवशी कव्हर उघडलं. स्टिक खाचेत मस्त बसल्या, दोन्ही बाजूंचे कान टक्कन मिटले. पॉवर दिली, पंखे विमानासारखे सुटले, पुढच्या डिस्प्लेचा निळा रंग जाऊन केशरी झाला आणि मशीन तिथेच थांबलं. मेमरी कॉन्फिगरेशन चालणार नाही म्हणे.

तेव्हा कुठे लेबल वाचलं. माझ्या जुन्या स्टिकवर होतं '१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर...' आणि नव्यावर '३२जीबी ४आरएक्स४ पीसी४-२१३३पी-एल...' सगळी गोम डॅशनंतरच्या त्या अक्षरात. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड. प्रोसेसरकडून येणाऱ्या अॅड्रेस आणि कमांडच्या लाइन स्टिकवरच्या एका रजिस्टर चिपमधून जातात. 'एल' म्हणजे लोड रिड्यूस्ड, त्यात डेटाच्या लाइनलाही बफर असतो. दोन्ही ईसीसी, दोन्हींना २८८ पिना, स्टिकच्या कडेची कापही एकाच जागी, त्यामुळे बसतात बिनतक्रार. आर७३० ला यातलं काहीही चालतं, पण एका मशीनमध्ये एकच. दोन्ही एकत्र केल्या की तो सुरूच होत नाही.

याची उलटी तऱ्हा चाकणच्या एका मित्राने अनुभवली. त्याच्याकडे झिऑन ई३ चा छोटा टॉवर. त्याला ईसीसी हवी, पण बिनरजिस्टरची. लेबलवर डॅशनंतर 'ई' असलेली. डेटा सेंटरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम बाजारात मुबलक आणि स्वस्त, म्हणून त्याने ती उचलली. स्क्रीनवर काहीच येईना. "ईसीसी आहे ना" हे वाक्य ऐकलं की आता माझ्या पोटात गोळा येतो.

दुसऱ्या फेरीला शहाणा होऊन गेलो. एक जुनी स्टिक काढून लेबलचा फोटो घेतला, 'डीएमआयडीकोड'चा (कुठल्या खाचेत कुठली रॅम आहे ते सांगणारी लिनक्सची आज्ञा) प्रिंटआउट खिशात टाकला. दुकानदाराने ३२ च्या दोन्ही परत घेतल्या, थोडे पैसे कापून. मग म्हणाला, "२६६६ घ्या, फास्ट आहे." ई५-२६२० व्ही४ ची मेमरीची कमाल गतीच २१३३. माझ्या जुन्या २४०० च्या स्टिकसुद्धा २१३३ वरच धावतात. जास्तीच्या आकड्याला कशाला पैसे मोजायचे? त्याच लेबलच्या १६ जीबीच्या चार घेतल्या. भाव इथे लिहीत नाही, आठवड्याला बदलतो.

गतीपेक्षा जास्त फरक पडतो तो कुठल्या खाचेत काय बसवलं याने, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. या मशीनला २४ खाचा आहेत, प्रत्येक प्रोसेसरला १२. प्रोसेसरला चार चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जायच्या चार वाटा, एका चॅनेलला तीन खाचा; पहिलीचे कान पांढरे, दुसरीचे काळे, तिसरीचे हिरवे. ए म्हणजे पहिला प्रोसेसर, बी म्हणजे दुसरा, आणि १ ते ४ या चार चॅनेलच्या पहिल्या खाचा. आमच्या जुन्या चार स्टिक ए१, ए२, बी१, बी२ मध्ये होत्या. म्हणजे इतकी वर्षं निम्मे चॅनेल रिकामेच होते! नव्या चार ए३, ए४, बी३, बी४ मध्ये घातल्या, सगळे पांढरे भरले. उरलेल्या सोळा खाचा बघून आमचे मालक म्हणाले, "यात अजून काही टाकायचं नाही का?" मी कव्हर लावून टाकलं.

सुरू करताना 'कॉन्फिगरिंग मेमरी' असं लिहून स्क्रीन बराच वेळ तशीच राहते. त्या वेळात मी दोनदा पॉवरच्या बटणाकडे हात नेला. नेऊ नका. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवली, शुक्रवारी सकाळी एकही चूक नव्हती.

फरक? चार-साडेचार मिनिटांचा स्टॉक रिपोर्ट आता पाऊण मिनिटात येतो आणि स्वॅप जवळपास शून्यावर आहे. ड्रॉइंग मात्र पूर्वीइतक्याच वेळात उघडतात, कारण तिथे अडकतं ते एक गिगाबिटच्या नेटवर्कवर. डिझाइनवाले माझ्यावर अजून नाराजच आहेत.

तिसऱ्या महिन्यात आयड्रॅकच्या (डेल सर्व्हरमधली देखरेखीची यंत्रणा) लॉगमध्ये एक ओळ दिसली: बी३ मधल्या स्टिकच्या दुरुस्त होणाऱ्या चुकांचं प्रमाण मर्यादेबाहेर. वापरणाऱ्या कुणालाच काही जाणवलं नव्हतं. ईसीसीत दर ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीचे असतात; एक बिट उलटला तर तो जागच्या जागी सुधारला जातो, दोन उलटले तर फक्त कळतं. गुगलच्या सर्व्हरवरच्या २००९ सालच्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये अशा सुधारता येणाऱ्या चुका सापडल्या होत्या, तेव्हा हे काही आक्रीत नाही. पण दोष स्टिकचा की खाचेचा? ए३ आणि बी३ मधल्या स्टिकची अदलाबदल केली. नऊ दिवसांनी तीच ओळ, आता ए३ च्या नावाने. म्हणजे स्टिकच.

मंडईच्या पार्किंगला गाडी लावून पुन्हा तपकीर गल्ली.

"बंद पडली का?"

"नाही, चालतेय."

"मग?"

लॉगचा फोटो दाखवला. त्याने तो काउंटरवरच्या पोराला दाखवला, पोराने मान डोलावली, तरी दुसऱ्या दिवशी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी मिळाली. बदलून घेण्यापूर्वी लेबल तिथेच, उजेडात धरून वाचलं.

तेव्हापासून लॉग कोरा आहे. दर गुरुवारी एकदा बघतो. त्याच फेरीत त्याच लेबलची एक स्टिक जास्तीची घेतली होती, ती कपाटात मायक्रोमीटरच्या डब्याशेजारी ठेवली आहे.