शेळ्यांसाठी देशी झाडांचा सुका पाला: एका शेतकरी गटाच्या पोत्याचे परीक्षण

आमच्या तालुक्याच्या बाजारात एका शेतकरी गटाने बोर, अंजन आणि शेवरी यांचा वाळवलेला पाला पोत्यांतून विकायला सुरुवात केली आहे. उन्हाळ्यात शेळ्यांपुढे नुसता ज्वारीचा कडबा टाकणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे. कडब्यात प्रथिने जेमतेम 3 ते 5 टक्के असतात, आणि एकूण आहारात ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की पोटातील सूक्ष्मजीवांचे काम मंदावते व जनावराचे खाणेच घटते. ही उणीव पाला भरून काढतो.

पाला सावलीत वाळवलेला असल्याने त्याचा हिरवेपणा टिकून आहे आणि कुबट वास अजिबात नाही. काड्या मात्र हव्या त्यापेक्षा जास्त निघाल्या. शेवरीची बारीक पाने वाळताना झडून पोत्याच्या तळाशी चुऱ्याच्या रूपात साठतात, आणि सर्वांत पौष्टिक भाग नेमका तोच असतो. शेळ्या कोरडा चुरा हुंगून सोडून देतात. म्हणून तो थोडे पाणी शिंपडून कडब्याच्या कुट्टीत कालवून द्यावा.

माझा खरा आक्षेप पोत्यावरील लेबलबद्दल आहे. त्यावर प्रथिनांचा एकच आकडा ठळकपणे छापला आहे, परंतु कोणत्या झाडाचा पाला किती, हे कुठेही लिहिलेले नाही. शेवरीच्या सुक्या पाल्यात प्रथिने साधारण 20 ते 25 टक्के असतात, बोरीच्या पाल्यात 12 ते 14 टक्के, तर अंजनात त्याहूनही कमी. शिवाय बोरीच्या पाल्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना बांधून ठेवते, त्यामुळे कागदावर दिसणारी सगळी प्रथिने जनावराच्या अंगी लागत नाहीत. शेळी टॅनिन बऱ्यापैकी सोसते. गायी-म्हशींना हा पाला बेतानेच द्यावा. प्रमाणच ठाऊक नसेल, तर पशुपालकाने पेंड किती कमी करायची हे कशावरून ठरवावे?

झाडांच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असते, तेव्हा गाभण व दुभत्या शेळ्यांना सोबत खनिज मिश्रण द्यावेच लागेल. गटाने शेवरीचे पोते वेगळे विकावे. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला माझी तयारी आहे.