जुन्या दगडी घरासाठी हायड्रॉलिक चुना (एनएचएल ३.५): दोन वर्षं वापरल्यानंतरचा अनुभव

रेटिंग: ५ पैकी ४. अर्धा स्टार गोणीवरच्या अपुऱ्या माहितीसाठी कापलाय आणि अर्धा रंगासाठी, दोन्हीबद्दल खाली लिहिलंय.

आधी घराबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय हा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याबरोबर धरणारा चुना (इंग्रजीत नॅचरल हायड्रॉलिक लाइम, म्हणून एनएचएल) का घ्यावा लागला ते कळणार नाही. आम्ही दोघं जवळजवळ दीड वर्ष जुनी घरं बघत होतो आणि शेवटी जे घेतलं ते खिडक्यांमुळे. वरच्या खोलीत उभं राहून मान जराशी हलवली की बाहेरचं झाड काचेतून लाटेसारखं हलतं, इतकी ती काच जुनी आहे. आत्ताची एकदम सपाट फ्लोट काच १९५९ नंतरची, त्याच्या आधीच्या खिडक्यांच्या काचेत बहुतेक वेळा ही लहर दिसते. ती चौकट आणि ती काच बघून मी तिथेच मनाने हो म्हणून टाकलं होतं. पण खालच्या मजल्यावर आल्यावर भिंत बोटांनी ठोकून बघितली तर ढब ढब असा पोकळ आवाज, कमरेपर्यंत ऑइलपेंटचे पोपडे, जोत्याजवळ पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर येणारे क्षार) फुटलेला, आणि कपाट उघडल्यावर येतो तसला कोंदट वास.

दीड फूट जाडीची दगडी भिंत, मुळात चुन्यात बांधलेली. मधल्या काळात कुणीतरी तिला आतून सिमेंटचा गिलावा केला, वरून ऑइलपेंट मारला. आणि अशी घरं जगभर सापडतात, कारण पोर्टलँड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, ते सगळीकडे वापरात यायला आणखी कितीतरी वर्षं गेली, तोपर्यंत बांधकाम चुन्यातच व्हायचं. चुन्याची भिंत थोडं पाणी घेते आणि परत सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की घेतलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, मग ते आतल्या आत वर चढतं, दर्जांमधला (दगडांमधल्या सांध्यांमधला) चुना भुसभुशीत करतं आणि तुळयांची जी टोकं भिंतीत रोवलेली असतात ती सडवतं. आमच्या एका तुळईच्या टोकाला ओलीचं मीटर लावलं तर २६ टक्के दाखवलं. लाकडात २० च्या वर ओल राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही. (मीटरबद्दल एक सांगते, ते पिनवालं मीटर लाकडासाठी असतं. भिंतीला लावलंत तर क्षारांमुळे आकडा चढा येतो, त्यावर विसंबून कुणी तुम्हाला महागडी ट्रीटमेंट विकत असेल तर घाई करू नका.)

आता चुना. गोणीवर एनएचएल २, ३.५ किंवा ५ असं लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे २८ दिवसांनी तो दर चौरस मिलिमीटरला किमान किती न्यूटन दाब सोसतो ते. लोकांना वाटतं मोठा आकडा म्हणजे चांगला माल, तसं अजिबात नाहीये, गिलावा नेहमी मागच्या दगडापेक्षा मऊ हवा. मऊ ठिसूळ दगड असेल तर २, बाहेर पावसाच्या माऱ्यात किंवा कायम ओलसर जागी ५, आणि मधल्या सगळ्या कामांना ३.५ बरा पडतो. आमचा दगड मध्यम कठीण, म्हणून आम्ही ३.५ घेतला.

आणि इथेच तो अर्धा स्टार गेला. गोणीवर मोठ्या अक्षरात फक्त 'चुना' आणि आकडा कडेला शिलाईखाली लपलेला. पहिल्या खेपेला एका दुकानातून हायड्रेटेड चुन्याच्या गोण्या आल्या, नाव सारखंच वाटतं म्हणून गवंड्यालाही पटकन कळलं नाही. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे! हायड्रेटेड चुना फक्त हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो, ओल्या जागी तो नीट धरतच नाही. हायड्रॉलिक चुना आधी पाण्याबरोबर धरतो आणि मग उरलेलं काम हवा करते, काही महिने करत राहते. गोणी उतरवून घेण्याआधी एनएचएल ही तीन अक्षरं स्वतः वाचा.

काम मात्र चुन्यापासून सुरू करू नका, हे कळकळीने सांगते. आमच्या घरात खरं कारण बाहेर होतं, वर्षानुवर्षं साचून अंगणातली माती आतल्या फरशीच्या वर गेली होती आणि पन्हळीचा उभा पाइप भिंतीलगत फुटलेला. माती उतरवली, पाइप बदलला, मग छिन्नीने सिमेंट काढलं (जोरात नाही, दगडाचा चेहरा निघून येतो) आणि भिंत पाच महिने तशीच उघडी ठेवली. घरचे सगळे म्हणत होते अगं लाव आता गिलावा, किती दिवस असं दगडांत राहणार, पण थांबलो ते बरंच झालं. पाच महिन्यांनी त्याच तुळईचं टोक १६ वर आलं होतं, मी मीटर तीनदा लावून बघितलं आणि आईला फोन केला.

गिलाव्याला १ भाग चुना आणि अडीच भाग वाळू घेतली, वाळू चरचरीत हवी, बारीक-जाड कण मिसळलेली, नुसती बारीक घेतली की भेगा ठरलेल्या. भिंत आधी ओली करायची, नाहीतर दगड गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो. एका थराला साधारण १० मिलिमीटर, त्याच्यावर तिरक्या रेघा ओढायच्या म्हणजे पुढचा थर धरतो, आणि मग थांबायचं. हा चुना हातात घेतला की कळतं, थापीवरून लोण्यासारखा सरकतो, सिमेंटसारखा घाई करत नाही, चूक झाली तर सुधारायला वेळ देतो. आमचे गवंडी पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, यात मूठभर सिमेंट टाकू का, लवकर धरेल." मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी तेच स्वतःहून गोणपाट भिजवत होते. गोणपाटाचं काम सोडू नका. निदान आठवडाभर ऊन आणि वारा लागू द्यायचा नाही, फवाऱ्याने ओलावा धरून ठेवायचा. जिन्यालगतच्या एका पट्ट्यावर आम्ही दोन दिवस दुर्लक्ष केलं, तिथे केसासारख्या भेगा पडल्या आणि हात फिरवला की पांढरी पूड येते, तो पट्टा परत करावा लागला. थंडी ५ अंशांच्या खाली जात असेल तेव्हाही काम काढू नका. आणि गॉगल, हातमोजे घालाच, ओला चुना कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर फार वाईट.

रंग. गिलावा सुकल्यावर जागोजागी फिकट-गडद ढग दिसतात, गोणी बदलली की छटा बदलते, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं. एकाच लॉटच्या सगळ्या गोण्या मागवा. वरून प्लॅस्टिक पेंट मारला तर सगळी मेहनत पाण्यात, परत तोंड बंद. आम्ही चार हात पातळ चुन्याची सफेदी केली. ज्यांना पक्का रंग हवाय त्यांनी सिलिकेट पेंट बघावा, १८७८ च्या पेटंटपासून चालत आलाय, भिंतीशी रासायनिक जुळतो आणि वाफ बाहेर जाऊ देतो.

सिमेंटपेक्षा महाग पडतो, वेळ तिप्पट लागतो, भाड्याच्या घरात राहून काम करून घेणार असाल तर तो हिशोब आधी करा. पण दोन पावसाळे गेले, खालच्या खोलीतला तो कोंदट वास गेलाय, लोणा फक्त एका कोपऱ्यात किंचित येतो तो मी कोरड्या ब्रशने झाडते (पाण्याने पुसू नका, परत आत जातो). तुळई आज सकाळी १४. आता पुढच्या महिन्यात बाहेरच्या दर्जा भरायला काढतोय, त्यालाही हाच ३.५ मागवलाय, यावेळी सगळ्या गोण्या एका लॉटच्या आहेत, शिलाई उलटून बघितली.