दारव्ह्यातली दहावीची गणित शिकवणी : पोरीला लावली, समाधान आहे

माझी पोरगी यंदा दहावीला. वर्गसमीकरणात मधल्या पदाची फोड ती अंदाजानं करायची, जमलं तर जमलं. आमच्या खेड्यात शिकवणी नाही, म्हणून दारव्ह्यात सरांकडे घातली.

सर अंदाज चालू देत नाहीत. ६क्ष² + ७क्ष − २० घ्या. पहिला आणि शेवटचा आकडा गुणायचा, आला −१२०. आता गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येईल अशी जोडी हवी. सर १२० चे अवयव जोडीजोडीनं फळ्यावर उतरवायला लावतात. गुणाकार ऋण, म्हणजे एक आकडा धन, एक ऋण. जोडीतला फरक ७ पाहिजे. १५ आणि ८ सापडतात. मग ६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०, त्यातून ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५), आणि उत्तर (२क्ष + ५)(३क्ष − ४). शेवटी कंस गुणून ताळा घ्यायचाच, त्याशिवाय वही तपासत नाहीत. मला हे फार आवडलं.

क्ष² + ५क्ष + ३ ला जोडी का सापडत नाही, तेही सांगतात : मधल्या आकड्याचा वर्ग २५, त्यातून पहिल्या-शेवटच्या आकड्याच्या गुणाकाराची चौपट १२ वजा, २५ − १२ = १३, पूर्ण वर्ग नाही, तिथं वर्गसमीकरणाचं सूत्रच वापरा. हे पोरांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं!

फी आम्हा कापूसवाल्यांना झेपते, हप्त्यानं घेतात. खोली मात्र लहान, मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही. आणि सर, संध्याकाळची बॅच थोडी लवकर सोडा, खेड्यावरच्या पोरींची एसटी चुकते.