सोफा गेला नाही, पैसे मात्र गेले

‘थ्री प्लस टू सोफा, चार वर्षं वापरलेला, १५,००० रुपये. घर बदलतोय म्हणून द्यायचा आहे.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीतर शहरातल्या खरेदी-विक्रीच्या फेसबुक ग्रुपवर अशी पोस्ट रोज पडते. खाली दोन फोटो आणि मोबाइल नंबर. कोणी अंगठा देतं, कोणी ‘नुसता टू-सीटर देता का’ विचारतं, कोणी ‘आठ हजारांत जमत असेल तर सांगा’ म्हणून गायब होतं. दोन दिवस काही हलत नाही आणि तिसऱ्या दिवशी एक फोन येतो.

हा फोन करणारा घासाघीस करत नाही. खरं तर इथेच कान टवकारायला हवेत, कारण जुन्या सोफ्याला मागितलेली किंमत देणारं गिऱ्हाईक निदान आपल्याकडे तरी जन्माला आलेलं नाही. तो बघायलाही येत नाही. ‘मॅडम, सोफा अभी है ना? फोटो देख लिया, फाइनल कर दो, मेरा आदमी टेम्पो लेके आएगा.’ मग ओळख येते: तो लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, नुकती बदली झाली आहे, क्वार्टर मिळालं आहे पण सामान नाही. पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, कधी गणवेशातला फोटो. ही कार्डं बहुतेक वेळा चोरलेली असतात. आधी फसलेल्या एखाद्याकडून ‘तुमचंही ओळखपत्र पाठवा’ म्हणून मागून घेतलेली किंवा संगणकावर नाव बदलून बनवलेली. गणवेश निवडण्यामागे हिशोब आहे. सैनिकावर शंका घ्यायला आपल्याला संकोच वाटतो, आणि ‘ड्यूटीवर आहे, बाहेर येता येत नाही’ हे कारण त्या पोशाखात आपोआप खरं वाटतं.

आता पैशांची गोष्ट. तो म्हणतो, ‘आधी एक रुपया टाकून बघतो, खातं बरोबर आहे ना ते कळेल.’ रुपया, पाच रुपये खरोखर जमा होतात. हे त्याचं भांडवल. या पाच रुपयांवर माणसाचा विश्वास बसतो आणि पुढे येणारी विचित्र मागणी सरळ वाटायला लागते. कधी उलटं असतं. ‘आमच्याकडे आर्मीची पेमेंट पद्धत वेगळी आहे, तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा परत येतील.’ दहा येतातही. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड येतो आणि त्यासोबत सूचना: ‘घरात दुसरा फोन असेल तर त्यावर उघडा, तुमच्या फोनने स्कॅन करा, १५,००० जमा होतील.’

क्यूआर म्हणजे काय हे ठाऊक असलं की हा सगळा खेळ एका वाक्यात संपतो. यूपीआयच्या क्यूआर चौकटीत फक्त काही मजकूर साठवलेला असतो: पैसे कोणाला द्यायचे तो यूपीआय पत्ता, घेणाऱ्याचं नाव, रक्कम आणि एक छोटी टीप. हा मजकूर कोड बनवणारा स्वतः भरतो. म्हणून टीपेत ‘१५,००० जमा’, ‘सोफा पेमेंट प्राप्त’ असं काहीही लिहिता येतं आणि स्कॅन करणाऱ्याच्या पडद्यावर ते तसंच उमटतं. रक्कमही आधीच भरलेली असते, त्यामुळे आपण ती टाइप करत नाही, म्हणजेच ‘मी पैसे पाठवतोय’ ही जाणीव होण्याची जागाच उरत नाही. त्या चौकटीत पैसे घेण्याची सोयच नाही. स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो, भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तसाच.

पुढचं पान यूपीआय पिनचं, चार किंवा सहा अंकी. पिन खात्यातून पैसे जाण्यासाठी किंवा शिल्लक बघण्यासाठी लागतो. पैसे येण्यासाठी कधीच लागत नाही. त्या पानावर वरच्या बाजूला रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव दिसतं. २०२५ च्या जूनअखेरपासून ॲपने घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवायचं असा यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचा नियम आहे, त्यामुळे फोनवरचा माणूस ‘मेजर’ असला तरी पडद्यावर भलत्याचंच नाव येतं. विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘वो हमारे अकाउंटंट का नाम है.’ एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमा पिनशिवायही जातात, आणि काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोट किंवा चेहराही चालतो. ‘मी पिन टाकलाच नाही, मग पैसे कसे जातील’ हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही.

पूर्वी क्यूआरऐवजी ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवली जायची आणि लोक ती मंजूर करून बसायचे. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. दुकानदारांसाठी ती अजून आहे, आणि ठगांनी आपला मुक्काम क्यूआर आणि लिंककडे हलवला आहे.

पहिले १५,००० गेले. बहुतेकांना वाटतं की फसवणूक इथे झाली आणि संपली. प्रत्यक्षात खातं रिकामं होतं ते यापुढच्या अर्ध्या तासात. खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस आला की माणूस घाबरून त्यालाच फोन लावतो. तो रागावत नाही, पळतही नाही, उलट माफी मागतो. ‘सर, सिस्टीम में उल्टा हो गया. मैं रिफंड भेज रहा हूँ, तीस हजार का कोड है, आपके पंद्रह और मेरे पंद्रह.’ दुसरा कोड. आता विकणाऱ्याचं लक्ष सोफ्यावर नाही, गेलेल्या पैशांवर आहे, आणि ते परत मिळवण्याचा एकमेव रस्ता फोनवरच्या त्या माणसाच्या हातात आहे असं त्याला वाटतं. तो स्कॅन करतो. ३०,००० जातात. मग ‘दोन व्यवहार अडकलेत, तिसरा झाला की सगळे एकदम सुटतील’. मग ‘तुमच्याच खात्यात प्रॉब्लेम दिसतोय, मिस्टरांच्या खात्यातून करून बघा’. इथे घरातलं दुसरं खातं उघडं पडतं. एका व्यक्तीसाठी यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एक लाख रुपये आहे. ती गाठली गेली म्हणून व्यवहार थांबतो, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, असं पुष्कळदा होतं.

या सगळ्या वेळात तो फोन ठेवू देत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. ‘लाइन पे रहिए’ हे त्याचं पालुपद. फोन चालू असला की घरच्यांशी बोलता येत नाही, बँकेला फोन करता येत नाही आणि एसएमएस नीट वाचता येत नाही. फोन कापणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. उद्धट वाटेल म्हणून लोक तेवढंच करत नाहीत.

याच गोष्टीची दुसरी आवृत्ती त्याहून साधी. १५,००० च्या जागी चुकून दीड लाख पाठवले, उरलेले परत करा, असा फोन येतो आणि ‘खात्यात जमा’ असा एसएमएसही. तो एसएमएस नीट बघावा. बँकेचे संदेश अक्षरी नावाने येतात, दहा आकडी मोबाइल नंबरावरून नाही. तरी फक्त त्यावर विसंबू नये. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक आणि व्यवहारांची यादी बघावी. तिथे रक्कम नसेल तर ती आलेलीच नाही. खरंच कोणाचे पैसे चुकून आले असतील, तरी ते बँकेला कळवून बँकेमार्फतच परत जाऊ द्यावेत. फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या खात्यात तर कधीच पाठवू नयेत.

तिसरा प्रकार लिंक, एपीके फाइल (ॲप स्टोअरबाहेरून फोनवर टाकायची ॲपची फाइल) किंवा स्क्रीन शेअर करणाऱ्या ॲपचा. ‘पेमेंट दिसत नाही ना, हे ॲप टाका, आमचा माणूस करून देतो.’ स्क्रीन शेअर करणारी ॲप मुळात दुरून संगणक दुरुस्त करण्यासाठी बनवलेली. ती चालू केली की ओटीपी त्याला आपल्यासोबतच वाचता येतो. अशी फाइल किंवा ॲप टाकलं गेलंच असेल तर आधी फोन विमान मोडवर टाकावा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावं.

आता, पैसे गेल्यावर काय करायचं. १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक, आणि तो लवकर फिरवणं हेच सर्वात महत्त्वाचं. पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांची साखळी असते, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चारांत, आणि शेवटी एटीएममधून रोख. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे पोहोचले असतील तिला सूचना जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. रोख निघाल्यावर गोठवण्यासारखं काही उरत नाही. फोन लावण्याआधी हे जवळ ठेवावं: आपल्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम, व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक (ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो), समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि मोबाइल नंबर. चार व्यवहार झाले असतील तर चारही सांगावेत; घाईत लोक मोठाच तेवढा सांगतात आणि बाकीचे तसेच राहतात. तक्रार क्रमांक मिळाला की २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर बाकीचा तपशील भरायचा. १९३० लागत नसेल तर वाट बघत न बसता थेट पोर्टलवर सुरुवात करावी.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणी बँकेला फोन करून यूपीआय आणि खातं तात्पुरतं बंद करावं. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावावा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसणारा नंबर लावणारे तिथे दुसऱ्या टोळीच्या हाती लागतात.

बँक भरपाई देईल का, हा प्रश्न सगळे विचारतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेले नियम ग्राहकाला संरक्षण देतात, पण ते कशासाठी हे समजून घ्यायला हवं. तिसऱ्याच कोणाच्या त्रुटीमुळे, ग्राहकाचा हात न लागता पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पिन स्वतः टाकला असेल तर बँक त्याला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणते, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, शक्य असेल तर ईमेलही करावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. गोठवलेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, त्यामुळे त्यात महिने जातात.

चॅट पुसू नये. रागाच्या भरात लोक नंबर ब्लॉक करून सगळं डिलीट करतात, आणि पोलिसांकडे दाखवायला क्यूआरचं चित्रही उरत नाही. समोरचाही स्वतःचे संदेश ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करत असतो, म्हणून नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट लगेच काढावेत. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली बसतो. ठाण्यावर ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या गुन्ह्याचा, आग्रह धरता येतो.

ग्रुपवर वस्तू विकूच नये का? जरूर विकावी. फक्त पोस्टमध्ये नंबर टाकू नये, ‘खासगी संदेश करा’ म्हणावं. पैसे वस्तू उचलताना घ्यावेत: टेम्पो दारात उभा असताना, गिऱ्हाईकाने आपला कोड स्कॅन करावा आणि जमा झालेली रक्कम आपल्या बँकेच्या ॲपमध्ये दिसली की सोफा जिना उतरावा. टोकन हवंच असेल तर आपला यूपीआय पत्ता द्यावा, समोरच्याचा कोड घेऊ नये. जुन्या सामानासाठी वापरायचं खातं वेगळं ठेवून त्यात दोन-तीन हजारच ठेवणारे लोकही आहेत, आणि ही सवय वाईट नाही.

ग्रुप ॲडमिनसाठी एक काम उरतं. एकाचा पैसा गेला की त्याने लाज न बाळगता तो नंबर आणि यूपीआय पत्ता ग्रुपवर टाकावा, कारण तोच माणूस त्याच दुपारी खालच्या पोस्टमधल्या फ्रिजवाल्यालाही फोन करत असतो, फक्त या वेळी मेजरचा कॅप्टन झालेला असतो. पण अशी पोस्ट पडली की तिच्याखाली तासाभरात एखादी अनोळखी प्रतिक्रिया हमखास येते: ‘माझेही गेले होते, या सायबर अधिकाऱ्यांनी दोन दिवसांत मिळवून दिले, त्यांचा नंबर देतो.’ तो अधिकारी ‘फाइल चार्ज’ म्हणून २,५०० रुपये मागतो, पाठोपाठ जीएसटी, मग पैसे सोडवण्याचा कर. १९३० ला फोन केल्यावर किंवा पोर्टलवर तक्रार नोंदवल्यावर कसलंही शुल्क नसतं. ॲडमिनने ती प्रतिक्रिया काढून टाकण्याआधी तिचाही स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो नंबर आधीच्या तक्रारीला जोडायला द्यावा.