सराफ बाजारातलं चांदीचं बोंडलं: आधी चोच पाहा, वजन नंतर

बारशाला आजोळहून येणाऱ्या चांदीत वाटी-चमच्याशेजारी बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, हमखास असतं. नाशिकच्या सराफ बाजारात ते आजही सहज मिळतं. दुःख एवढंच की बहुतेक घरांत ते बारशाच्या फोटोपुरतं बाहेर येतं आणि कपाटात जातं. खरं तर काढून ठेवलेलं आईचं दूध पाजायला बाटलीपेक्षा बोंडलं कितीतरी चांगलं. बाटलीच्या बुचात दूध साचून जंतू वाढतात, शिवाय रबरी बोंडाची सवय लागलेलं बाळ अंगावर प्यायला कुरकुरतं. भारतात दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. नवजात बाळांच्या विभागात नर्स जी स्टीलची पलाडाई वापरतात, ती म्हणजे बोंडलंच.

मात्र बाजारातलं प्रत्येक बोंडलं पाजण्याजोगं नसतं. दुकानात वजन, नक्षी आणि डबी आधी दाखवतात. तुम्ही चोच पाहा. ती पन्हळीसारखी वरून उघडी हवी. झारीसारखी बंद नळी असेल तर कितीही सुंदर असली तरी घेऊ नका, कारण आत ब्रश पोचत नाही आणि दुधाची साय तिथेच धरते. चोच त्याच पत्र्यातून ठोकून काढलेली असेल तर उत्तम. वेगळी करून डाख दिलेली, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडलेली असेल तर सांधा आतून तपासा. कापसाचा बोळा काठावरून, चोचीच्या टोकावरून आणि सांध्यावरून फिरवा. एकही तंतू अडकला तर तिथे बाळाचा ओठ कापू शकतो. जुन्या पद्धतीच्या डाखेत कॅडमियम हा विषारी धातू असायचा, त्यामुळे ‘डाख कॅडमियमविरहित आहे ना’ हे स्पष्ट विचारा.

मग पाणी मागा. औषधाच्या सिरिंजने १० मिली मोजून बोंडल्यात घाला आणि हळूहळू तिरपं करा. चांगल्या चोचीतून थेंब थेंब येतं, सरळ धरताच थांबतं. पाणी चोचीखालून ओघळत असेल किंवा एकदम भसकन येत असेल, तर तो नग परत द्या. काठोकाठ किती मिली मावतं तेही तिथेच पाहून घ्या, म्हणजे घरी बाळ किती प्यायलं याचा अंदाज येतो.

चांदी ९२५ची (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध), हॉलमार्क असलेली घ्या. अगदी शुद्ध चांदी मऊ असते, चोच लगेच वाकते. पातळ पत्र्याचं हलकं बोंडलं स्वस्त पडतं, पण बोटांच्या दाबानेच चेपतं. बिलात चांदीचा भाव, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. गोदावरीला पूर असताना जाऊ नका, पाणी थेट या बाजारात शिरतं.

पाजण्याची रीत वस्तूइतकीच महत्त्वाची. पसरलेल्या पायांवर बाळाला आडवं निजवून घशात दूध ओतण्याची जुनी पद्धत सोडून द्या. त्याने दूध श्वासनलिकेत जातं. बाळ पूर्ण जागं हवं. त्याला मांडीवर अर्धवट बसतं धरा, मानेला आणि खांद्यांना हाताचा आधार द्या. बोंडलं अर्ध्याहून थोडं जास्त भरा, चोच ओठांच्या कोपऱ्याशी खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकंच तिरपं करा. बाळ जिभेने ओढून घेतं. त्याने गिळलं की पुढचं. तोंड फिरवलं, ओठ मिटले, की पोट भरलं. राहिलेलं संपवायचा आग्रह नको. ठसका लागला तर थांबून बाळाला सरळ धरा. थोडं सांडतंच, हनुवटीखाली रुमाल ठेवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पहिल्यांदा पाजताना मात्र नर्स शेजारी हवीच.

चांदीचा एक गुण फारसा कुणी सांगत नाही: सगळ्या धातूंत तिच्यातून उष्णता सर्वांत लवकर वाहते. दूध जरा गरम असलं की काठही तेवढाच तापतो. म्हणून दुधाचा थेंब मनगटावर आणि काठ स्वतःच्या ओठाला लावून पाहा. उकळून काढलेलं बोंडलं पूर्ण निवू द्या.

‘चांदीने जंतू मरतात, नुसतं विसळलं तरी चालतं’ या बोलण्यावर जाऊ नका. दूध पाच-दहा मिनिटं चांदीत राहिल्याने निर्जंतुक होत नाही. प्रत्येक वेळी साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशने चोच घासा आणि पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा. काळं पडलं तर पॉलिश पावडर किंवा टूथपेस्ट नको, ती सांध्यात राहते. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर बोंडलं ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि कडकडीत पाणी ओता, काळेपणा निघतो. नंतर धुऊन उकळा.

चांदी परवडत नसेल तर मेडिकलमधली स्टीलची पलाडाई काम तितकंच चोख करते. डाग पडत नाहीत, आपटली तरी चालतं. औषधासाठी मात्र दोन्ही नकोत, मात्रा चुकते, तिथे सिरिंजच. आणि सहा महिन्यांनंतर वरचं सुरू झालं की वाटी-चमचा.

चोच चेपली तर पक्कडीने घरी सरळ करू नका, काठ खरबरीत होतो. सराफाकडे द्या आणि परत घेताना कापसाचा बोळा पुन्हा फिरवून पाहा.