खाऱ्या हवेत मायक्रोमीटर: साधा की डिजिटल?

मिरकरवाड्यात बोटीच्या इंजिनाची पिस्टन पिन मोजायची असो की लोटे एमआयडीसीत पंपाचा शाफ्ट, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर (जाडी-व्यास बारकाईने मोजायचं स्क्रूचं साधन) घेताना कोकणात आधी हवेचा विचार करावा.

साध्याच्या स्क्रूचा आटा ०.५ मिमीचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा सरकतो; थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० भाग, म्हणजे ०.०१ मिमी थेट वाचता येतं. अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली की माप सरळ ०.५ ने चुकतं, आणि नवशिक्यांची ती सुटतेच. डिजिटलमध्ये ही भानगड नाही, ०.००१ मिमीपर्यंत आकडा दिसतो. पण २५ मिमीचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला की जवळपास ३ मायक्रॉन (०.००३ मिमी) वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो शेवटचा आकडा फारसा मनावर घेऊ नये.

शून्य लावण्याआधी दोन्हींत स्वच्छ कागद तोंडांमध्ये (वस्तू जिथे धरतो त्या दोन टोकांत) हलका धरून ओढून काढायचा, मग रॅचेटच्या (दाब सारखा ठेवणाऱ्या मागच्या खुंटीच्या) दोन-तीन टिकटिक. साध्यात स्पिंडल (पुढे-मागे सरकणारा दांडा) लॉक करून सोबतच्या पान्याने स्लीव्ह (रेघा असलेली आतली नळी) किंचित फिरवायची. डिजिटलला नुसतं बटण. मात्र तोंडावर बुरा असताना ते दाबलं तर पुढची सगळी मापं चुकीची.

कार्बाइडची (कठीण मिश्रधातूची) तोंडं गंजत नाहीत, स्पिंडल गंजतो. काम झालं की घाम पुसून पातळ तेलाचा हात फिरवा, तोंडांत थोडी फट ठेवा, लॉक सैल सोडा. डिजिटल घ्यायचाच तर आयपी६५ चा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारा), आणि पावसाळ्यात पडून राहणार असेल तर सेल काढून. जेटीवरच्या कामाला आमची पसंती साध्यालाच.